सहाणेवरची मात्रा

दवाखाने शहरांपुरतेच असण्याच्या काळात महाराष्ट्रातील घरोघरी तान्ह्या मुलाच्या पोटाचा सारा कारभार एका सहाणेवर चालत असे, आणि त्या कारभाराची मुखत्यारी निर्विवादपणे आजीकडे असे. मूल पाय पोटाशी घेऊन रडू लागले की गुटीच्या डब्यातून मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, अतिविष असा सरंजाम बाहेर निघे आणि एकेक जिन्नस आईच्या दुधात उगाळला जाई; मुरडा असल्यास मुरडशेंगेचे वळसे अधिक, जुलाब असल्यास जायफळाचे, मलावरोध असल्यास हिरड्याचे. वळशांची ही मोजणी हाच त्या विद्येचा गाभा होय. जायफळ अधिक झाल्यास मूल गुंगते, वेखंड अधिक झाल्यास ओकते, हे जाणूनच जिन्नस कुटून न देता दगडावर फिरवून देण्याची युक्ती कोणा अनामिक स्त्रीने काढली असावी. तराजू नसलेल्या घरात गुंजेचाही अंश मोजण्याचा याहून सुलभ उपाय मला तरी सुचत नाही. सहाण दर वेळी स्वच्छ धुतलेली असे, याची हमी मात्र कोणी द्यावी?

गिरण्यांच्या मुंबईत ही मोजणी सुटली. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या आईला ना उगाळण्यास सवड, ना जवळ आजी. तेव्हा सरकारच्या अबकारी उत्पन्नाचा जिन्नस असलेली अफू ‘बाळागोळी’च्या रूपाने पाळण्यात शिरली. अफूने आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब थांबत आणि रडणेही थांबे. परंतु त्याबरोबर मुलाची भूकही निजे. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली यांच्या मजूर आयोगालाही या चालीची दखल घ्यावी लागली. त्या आयांना दोष देणे मला जमत नाही.

घरगुती उपचाराचा खरा घातक प्रमाद निराळाच होता: पाण्याने जुलाब वाढतात या समजुतीने तहानलेल्या मुलाचे पाणीच तोडण्यात येई. ज्या घरांत भाताची मीठ घातलेली पेज किंवा साळीच्या लाह्यांचे पाणी पाजीत, ती घरे नकळत शास्त्राच्या जवळ होती. कारण आतड्यातून मीठ शरीरात शिरण्यास शर्करेची सोबत लागते, आणि पेजेतील पिष्टाची पचनात शर्कराच होते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळून शिरेतून देण्याचे द्रव संपले असता, डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे पाणी पिंपांतून पाजविले, तेव्हा शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या आत आले. पुढे लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती माप आयांना शिकविण्यात आले. ते पेल्याने न पाजता चमच्याचमच्याने पाजावे, मूल ओकल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे, आणि अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, असेही त्यासोबत बजावले जाई.