सुभेदार मेजर रामजी मालोजी सकपाळ

भालकी, बसवकल्याण, आळंदच्या आपल्या भागात १४ एप्रिलला बाबासाहेबांविषयी भरपूर बोलले जाते. त्यांच्या वडिलांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. म्हणून आम्ही ही नोंद देत आहोत.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजीही फौजेतच होते. रामजी फौजेत शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार मेजर हा त्या काळी हिंदी शिपायाला पलटणीत गाठता येणारा सर्वांत वरचा हुद्दा. महार समाजातल्या रामजींनी तो मिळवला. महूच्या छावणीत १८९१ साली भीमराव जन्मले.

पुढच्याच वर्षी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या वाटेने आपण वर आलो, तीच मागच्यांसाठी बंद झालेली रामजींना पाहावी लागली. न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे अर्ज केला; उपयोग झाला नाही. निवृत्तीनंतर दापोली, सातारा, मुंबई. पेन्शन तुटपुंजी, पण भीमरावांच्या पुस्तकांसाठी ते प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवीत.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, आपल्याच राज्यातल्या बेळगावात.