अठरानंतरचे घर

आमच्या लासुर्ण्याचा मुलगा अठराव्या वर्षी शिकायला पुण्याला जातो, पण दिवाळीला परत यायला त्याचे घर असते. बालगृहातल्या मुलाला मात्र त्याच वयात बाहेर पडावे लागते.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी नुसते वाचवले नाही. दत्तक घेतले, डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली ती याच मुलाच्या जोडीने.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या मदतीची सोय आहे. नियमांप्रमाणे अनुरक्षणगृहात एकविसाव्या, अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. पण कायदा मदत ‘देता येईल’ म्हणतो, ‘द्यावीच’ म्हणत नाही.

इतकी वर्षे वर्गात उभा राहिलो. अठराव्या वर्षी एकट्याने उभा राहू शकेल असा विद्यार्थी क्वचितच दिसला. मंडळी, तुमची मुले राहिली असती?