नाशिकचा जलसा : हिप-हॉपच्या चार दशके आधी

१/ हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानले जाते. त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी नाशिक जिल्ह्यात काही माणसे ठेक्यावर, यमकांत, भर चौकात जातिव्यवस्थेशी भांडत होती. भीमराव कर्डक यांच्या ‘नाशिक जिल्हा युवक संघ’ या जलसा मंडळाविषयी हा धागा.

२/ जलसा हा प्रकार त्यांनी शून्यातून घडवला नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा (१८७३) विचार खेडोपाडी नेण्यासाठी तमाशाचा साचा वापरला गेला. ओतूरचे भीमराव महामुनी हे त्या सत्यशोधक जलशांतील अग्रणी नाव.

३/ २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे, स्थानिक धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्याकडे. लढा सुमारे पाच वर्षे रेंगाळला. इतका काळ गावोगावच्या माणसांना बांधून ठेवायचे, तर पत्रके पुरणार नव्हती. ती वाचू शकणारेच थोडे होते.

४/ ही उणीव आंबेडकरी जलशाने भरून काढली. जलसाकार बहुधा दिवसा पोटापाण्याचे काम करणारे कष्टकरी. रात्री वस्तीत दिवा लागे, ढोलकी-तुणतुणे जुळे, झीलकरी मागे उभे राहत आणि कार्यक्रम सुरू होई.

५/ साचा तमाशाचाच होता, आशय मात्र पालटला होता. गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांचे स्तवन आले. गवळण मागे पडली. नाचीला स्थान नव्हते. स्त्रीपात्रे पुरुषच करीत. सोंगाड्या हसवी, परंतु हसू भोंदूगिरीचे आणि अंधश्रद्धेचे होई.

६/ चाली बहुतांशी लोकांच्या ओठांवरच्याच. चाल ओळखीची असली की शब्द एका रात्रीत पाठ होत आणि दुसऱ्या दिवशी शेतावर गुणगुणले जात. जुन्या तबकडीवरचा तुकडा उचलून त्यावर आपले शब्द चढवणारे ब्राँक्सचे तरुण तंत्र निराळे वापरत होते; युक्ती तीच होती.

७/ या जलशाचे धाडस कशात होते? सवर्णांवर टीका करण्यात होतेच. परंतु त्याहून अवघड भाग आपल्याच माणसांना उद्देशून होता. मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, मुले शाळेत घाला, महारकीची वतने सोडा. वतन म्हणजे अपमान खरा, पण तीच अनेकांची भाकरीही होती. ती सोडा असे सांगणारा माणूस मंचावरून उतरल्यावर त्याच वस्तीत राहणार होता.

८/ आपल्या दहा सभांच्या तोडीचा कर्डकांचा एक जलसा, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. शब्द नेमके हेच असोत वा नसोत, कार्यकर्त्यांना जलसा केवढा मोलाचा वाटे, हे त्या आठवणीतून कळते.

९/ १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. मंदिरप्रवेशाचा विषय मागे पडला. १९३७ च्या निवडणुकीत जलसे स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रचारक झाले आणि दादासाहेब गायकवाड मुंबई विधानसभेत पोहोचले.

१०/ १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. या काळाचा सर्वांत मोठा आवाज नाशिक जिल्ह्याचाच : सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४). प्रौढपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाने १९४३ मध्ये पहिले गीत रचले, तेही हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर.

११/ मग पहिल्या पिढीच्या मंडळांचे उरले काय? त्यांच्यामागे ध्वनिमुद्रणांचा साठा नाही. गाणी माणसांबरोबर गेली, काही वह्यांत राहिली. म्हणूनच १९७८ साली भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, ही मोठी घटना मानली पाहिजे. जलसाकार स्वतःच आपला इतिहासकार झाला. इतर मंडळांच्या वाट्याला असे पुस्तक क्वचितच आले.

१२/ आज अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘हंड्रेड आरबीएच’ किंवा मुंबईचा ‘स्वदेसी’ हा समूह ऐकताना जलसा आठवतो. परंतु रॅप जलशातून जन्मला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते शिक्षण ब्राँक्समधून आले. साम्य परिस्थितीचे आहे : खिशात पैसा नाही, व्यासपीठ कुणी देत नाही, हाताशी फक्त ठेका आणि बोली.

१३/ फरक एकच, पण निर्णायक. आजचा रॅपर गातो त्याच क्षणी त्याची नोंद होते. जलसाकाराची नोंद कदाचित एखाद्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. निफाड, सिन्नर, येवला, चांदवड भागांतील आपल्या घरी आजोबा-पणजोबांची गाण्यांची वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. पानांची छायाचित्रे काढा आणि कोणत्या चालीवर काय गात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. शब्द वहीत सापडतील. चाल फक्त त्यांनाच ठाऊक आहे.