सार्वजनिक काका : एका विशेषणाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा वैचारिक इतिहास आपण वर्गात शिकवतो, तेव्हा तो बहुतांशी लिहित्या हातांचा इतिहास असतो. लोकहितवादींची शतपत्रे, जोतीराव फुल्यांचे गद्य, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने हे सारे छापले गेले, म्हणून अभ्यासक्रमात आले. ज्यांनी सह्या गोळा केल्या, अर्ज पोहोचवले, दुकाने उघडली आणि सूत कातले, ते मात्र तळटिपांत राहिले. गणेश वासुदेव जोशी हे या दुसऱ्या वर्गातले. त्यांची तळटीपही बहुधा एका ओळीची असते : ‘सार्वजनिक काका या नावाने प्रसिद्ध’. माणसाचे नाव मागे पडले आणि लोकांनी दिलेले विशेषण तेवढे उरले. या विशेषणात नेमके काय साठले आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर करायला हवा. गोपाळ कृष्ण गोखल्यांना अर्थशास्त्रीय आकडेवारीचे पाठबळ देणारे जोशी आणि सार्वजनिक काका हे एकच, असे विधान उत्तरपत्रिकांतून आमच्या पाहण्यात येते. ते चुकीचे आहे. गोखल्यांना साहाय्य करणारे ते गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११), सरकारी शाळाखात्यातील शिक्षक व अर्थविषयक लेखक. इंग्रजी आद्याक्षरे घेतली की दोघेही ‘जी. व्ही. जोशी’ होतात, त्यातून ही गफलत झाली. सार्वजनिक काका १८८० मध्ये वारले, तेव्हा गोखले अवघे चौदा वर्षांचे होते. एवढी साधी गोष्टही निसटावी, यातच आपल्या विस्मरणाचे मोजमाप आहे. ज्या जोशींनी लेख लिहिले, त्यांच्या खात्यात न लिहिणाऱ्या जोशींचे आयुष्य सहज जमा झाले.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. आरंभी सरकारी कचेरीत नोकरी, पुढे पुण्यात वकिली. ज्या कार्यामुळे त्यांना ‘सार्वजनिक’ हे नाव पडले, ते सारे १८७० ते १८८० या एका दशकात सामावलेले आहे. त्याला निमित्त झाले पर्वती संस्थानचे. पेशव्यांनी उभारलेल्या या देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्याची दाद मागायला जाणाऱ्यांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने? परकीय सत्तेने विचारलेला हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता, आणि काकांनी तो टाळलाही नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासदत्वासाठी एक अट घालण्यात आली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. प्रत्यक्ष काम चालवणारे काका होते.

वकिली व्यवहारातले ‘मुखत्यारपत्र’ येथे राजकीय प्रतिनिधित्वाचे साधन झाले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मतदानाचा हक्क नाही, निवडून आलेले कायदेमंडळ नाही, अशा काळात कोर्टकचेरीतला एक रोजचा कागद उचलून त्याला हा नवा अर्थ देणे, हे कल्पक मनाचे काम आहे. भाषेत एखादा कवी जे जुन्या शब्दाच्या बाबतीत करतो, तेच काकांनी एका दस्तऐवजाच्या बाबतीत केले.

१८७१ मध्ये रानडे पुण्यास आले आणि सभेला विचारांची मोठी शक्ती लाभली. परंतु रानडे सरकारी न्यायाधीश होते. उघडपणे पुढे होणे, निवेदने घेऊन जाणे, लोकांना भेटणे ही जबाबदारी काकांसारख्यांवर होती. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी सभेने हाती घेतली. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवली आणि त्यांनी आणलेली हकिकत वेळोवेळी सरकारपुढे ठेवली. दुष्काळाचे वर्णन करणे आणि दुष्काळाची नोंद करणे यांत फरक आहे. सभेने दुसरे काम केले.

स्वदेशीचा विचार काकांच्या आधीही मांडला गेला होता. परदेशी मालाने देशी कारागीर बुडतो आहे, हे लोकहितवादींनी शतपत्रांतून सांगितले होते. रानड्यांनी १८७२–७३ मध्ये पुण्यात व्यापारविषयक व्याख्याने दिली. काकांनी या विचाराला रोजच्या आचाराचे रूप दिले. जानेवारी १८७२ मध्ये त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे कापड वापरण्याची प्रतिज्ञा केली आणि ती पाळली. त्या वेळी गांधीजी तीन वर्षांचेही नव्हते. पण केवळ स्वतःच्या अंगावरचे कापड बदलून देशी कारागिराचे पोट भरत नाही, याचे भान त्यांना होते. म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढले, शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तूंच्या निर्मितीला उत्तेजन दिले, आणि त्या विकण्यासाठी पुण्याबरोबरच सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकाने निघतील असे पाहिले. करणारा, विकणारा आणि घेणारा असे तिघेही एका साखळीत आले तरच देशी धंदा टिकेल, हे सूत्र त्यामागे दिसते.

या दुकानांनी मँचेस्टरचे काही बिघडले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. राज्यसत्तेचे वजन दुसऱ्या पारड्यात होते. १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील आयातकर उठवला; १८८२ मध्ये सुती मालावरील उरलेला करही गेला. अशा परिस्थितीत छत्री आणि शाई विकणारे दुकान म्हणजे केवढे ते. तरीही १९०५ मध्ये स्वदेशीची चळवळ उभी राहिली आणि पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हा त्या शब्दाला पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळाचा आचार लाभलेला होता. होळीची आठवण सर्वांना आहे. दुकानाची आठवण राहिली नाही, कारण दुकानात प्रसंग घडत नाहीत, रोजचा व्यवहार घडतो.

काकांचे दोन प्रसंग मात्र नोंदले गेले आहेत. १८७७ च्या आरंभी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित करणारा दरबार भरला. संस्थानिकांच्या त्या झगमगाटात काका सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले, ते हातच्या सुताचे साधे कपडे घालून. दुसरा प्रसंग १८७९ चा. त्या वर्षी मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या होत्या, सरकार पुण्याकडे संशयाने पाहत होते, रानड्यांची धुळ्यास बदली झाली होती. अशा वेळी वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि फडक्यांचे वकीलपत्र काकांनी घेतले. सनदशीर मार्गाने चालणाऱ्या सभेच्या धुरीणाने सशस्त्र बंड करणाऱ्याच्या बाजूने न्यायालयात उभे राहावे, यात विसंगती नाही. ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही त्याच्या वतीने बोलणे, हाच मुखत्यारपत्राचा अर्थ त्यांनी येथेही पाळला. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये, काका निवर्तले.

त्यांच्या घरातही हा शब्द एकट्याचा नव्हता. पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्री-विचारवती सभा काढली आणि हळदीकुंकवासारख्या परिचित निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणले. पुरुषांसाठी मुखत्यारपत्र आणि स्त्रियांसाठी हळदीकुंकू. दोन्हीकडे ओळखीच्याच साधनातून नवे काम उभे केलेले दिसते.

मात्र स्मरण म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण येते आणि कोण वगळले जाते, हा प्रश्न त्याच काळी, त्याच शहरात विचारला गेला. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीरावांनी आपल्या लेखनातून सार्वजनिक सभेवर कठोर टीका केली. सभेचा कारभार प्रामुख्याने ब्राह्मण व प्रतिष्ठित वर्गाच्या हाती होता, हे नाकारता येत नाही. जोतीरावांचे अखेरचे पुस्तक ‘सार्वजनिक सत्य धर्म’ या नावाने निघावे, यात त्या शब्दावरचा दुसरा, अधिक व्यापक हक्क दिसतो. पण सभेला ज्या मापाने मोजायचे, ते माप तिने स्वतःच जाहीर केले होते, हेही लक्षात घ्यावे. मुखत्यारपत्राची अट घालणारी संस्था ‘तुमच्या सह्यांत आमची सही कुठे आहे?’ हे विचारण्याचा अधिकारही इतरांना देऊन बसते.

१८८५ चे राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यातच, सार्वजनिक सभेच्या यजमानपणाखाली भरायचे होते; कॉलऱ्याच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले. काका तेव्हा हयात नव्हते. पुढे ‘सार्वजनिक’ हा शब्द उत्सवांना, वाचनालयांना, बांधकाम खात्याला लागला आणि हळूहळू ‘जे कोणाचेच नाही ते’ असा अर्थ त्याला चिकटला. काकांच्या लेखी त्याचा अर्थ याच्या नेमका उलट होता : ज्याचा जाब मला नावानिशी द्यावा लागेल ते.

मराठीच्या अध्यापकांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. ‘निबंधमाला’ शिकवताना तिच्या शेजारी पन्नास सह्यांचा तो कागदही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. दोन्ही एकाच शहरातले, एकाच दशकातले गद्य आहे. एकात लेखकाचा आत्मविश्वास आहे, दुसऱ्यात पन्नास माणसांनी टाकलेला विश्वास.