आठ हजार मीटर, तीन मिनिटं

तुम्ही हे विमान आधी उडवलेलं आहे. पडद्यावर, कानाला हेडफोन लावून, हातात माउस किंवा जॉयस्टिक घेऊन. 'वॉर थंडर' खेळणाऱ्यांना मेसरश्मिट २६२ सी-१ए ओळखीचं असतं. पंखांखाली दोन जेट इंजिनं आणि शेपटीत एक रॉकेट. रॉकेट पेटलं की उंचीचा आकडा भराभर पळायला लागतो, आणि बाकीचे खेळाडू अजून खाली धडपडत असताना तुम्ही त्यांच्या डोक्यावर पोचलेले असता. त्या क्षणाचा आनंद खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. आज मात्र पडदा बाजूला ठेवा आणि चला. तारीख २७ फेब्रुवारी १९४५. ठिकाण लेशफेल्ड, बव्हेरियातल्या ऑग्सबुर्ग शहराच्या दक्षिणेचा विमानतळ.

पायाखालची जमीन दूरवर सपाट पसरलेली आहे. लेश नदीकाठच्या याच मैदानावर ९५५ साली राजा ऑटो पहिला याने मग्यार घोडेस्वारांचा पराभव केला होता. विमानं उतरवायला सपाट जमीन लागते, तशी ती घोडदळालाही लागायची. दक्षिणेला आल्प्सची रांग आहे. तिकडून येणारा गारठा कोटातून आत शिरतो.

विमान समोर उभं आहे. कारखान्याचा क्रमांक १३०१८६. या प्रकारचं एवढं एकच. पडद्यावर जिच्या मागे नेहमी तुमचा कॅमेरा असतो, त्या शेपटीकडे आता जवळून बघा. सुकाणूचा खालचा भाग कापून टाकलाय, कारण तिथून रॉकेटची ज्वाळा बाहेर पडायची आहे. त्या खाचेत वाल्टर कंपनीच्या रॉकेट-इंजिनाचं तोंड दिसतं. त्याचा जोर १,७०० किलो. पंखांखालच्या दोन युमो ००४ जेट इंजिनांचा जोर प्रत्येकी ९००, म्हणजे दोघांचा मिळून १,८००. एकट्या रॉकेटने विमानाची ताकद जवळपास दुप्पट होते.

आणि त्याची भूक? पूर्ण जोरावर हे रॉकेट सेकंदाला नऊ किलोच्या आसपास द्रव पिऊन टाकतं. खेळात ही भूक एका कोपऱ्यातल्या आकड्यासारखी दिसते. इथे तुम्हाला ती भरताना बघावी लागते.

थोडं मागे उभे राहा. पहिली टाकीगाडी येते, काम करते आणि निघून जाते. सांडलेला थेंबन् थेंब पाण्याने धुतला जातो. त्यानंतरच दुसरी गाडी जवळ येऊ शकते. पहिलीत आहे टी-स्टॉफ, म्हणजे ऐंशी टक्के तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड. दुसरीत सी-स्टॉफ, म्हणजे हायड्रॅझिन हायड्रेट, मिथेनॉल आणि पाणी यांचं मिश्रण. दोन्ही एकत्र आले की ठिणगीची गरजच नाही, ते आपोआप पेटतात. रॉकेटच्या पोटात हेच हवं असतं आणि जमिनीवर याचीच सगळ्यांना भीती असते. टी-स्टॉफ नुसतं कापडावर, लाकडावर किंवा कातडीवर पडलं तरी जाळत जातं. हेच इंजिन आणि हीच द्रवं वापरणाऱ्या मेसरश्मिट १६३ कोमेटच्या वैमानिकांना खास पोशाख दिलेले होते, आणि तरीही त्यांच्यातले काही या द्रवाने भाजून मेले. जोझेफ प्योज नावाचा अनुभवी लढाऊ वैमानिक डिसेंबर १९४३ मध्ये अशाच विमानात गेला.

आता आत बसा. त्या दिवशी या जागेवर मेसरश्मिट कंपनीचा चाचणी-वैमानिक गेर्ड लिंडनर होता. आज तुम्ही आहात.

इंजिनं सुरू करायला एक कळ पुरत नाही. प्रत्येक जेट इंजिनाच्या नाकात रीडेल नावाचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं आहे. आधी ते सुरू होतं, मग ते मोठ्या इंजिनाचा दांडा फिरवायला लागतं. सुरुवातीला पेट्रोल, वेग आला की जे-टू हे जेटचं इंधन. आवाज चढत जातो. डावा हात थ्रॉटलवर ठेवा, पण घाई करू नका. उतू जाणाऱ्या दुधाखालची आच सांभाळावी तसा हा दांडा सरकवावा लागतो. पडद्यावर तुम्ही तो एका झटक्यात शंभर टक्क्यांवर नेता. इथे तसं केलंत तर इंजिन विझेल, नाहीतर त्याची पाती वितळायला लागतील.

त्या पात्यांचा विचार मी नेहमी करतो. युमो इंजिनाची कल्पना उत्तम होती. पण निकेल, क्रोम, कोबाल्ट असे उष्णता सोसणारे धातू जर्मनीकडे पुरेसे उरले नव्हते. म्हणून पाती पोकळ केली, आतून थंड हवा खेळवली, साध्या पोलादी पत्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन बरेच भाग भागवले. परिणाम असा की हे इंजिन दहा ते पंचवीस तास चालायचं, मग काढून टाकायचं. जगातलं पहिलं प्रत्यक्ष लढाईत वापरलं गेलेलं जेट लढाऊ विमान या इंजिनांवर उभं होतं. खेळात दर वेळी तुम्हाला नवं कोरं इंजिन मिळतं, हे लक्षात असू द्या.

धावपट्टी मागे पळायला लागते. नाकाखाली चाक असल्यामुळे समोरचं सगळं दिसतं, जुन्या विमानांसारखं नाक आभाळाकडे रोखलेलं नसतं. तरी वेग फार सावकाश वाढतो. हा या विमानाचा मूळ दोष. वरच्या हवेत ते ताशी ८७० किलोमीटर गाठतं, पण जमिनीजवळ ते जड आणि सुस्त असतं. अमेरिकी मस्टँग विमानांना हे पक्कं माहीत होतं. ती तळांच्या आसपास घिरट्या घालत आणि उडताना किंवा उतरताना या जेटना गाठत. साध्या २६२ ला सहा हजार मीटर चढायला सात मिनिटांच्या जवळपास लागत. तेवढ्यात बॉम्बर निघूनही गेलेले असत.

त्यावरचा इलाज तुमच्या पाठीमागे शेपटीत आहे. जर्मन अभियंत्यांनी या रूपाला 'हाइमाटशुट्झर', म्हणजे मायभूमीचा रक्षक, असं नाव दिलं होतं. कल्पना साधी होती. शत्रू डोक्यावर येईपर्यंत जमिनीवर थांबायचं, मग रॉकेटच्या जोरावर थेट त्याच्या उंचीवर जायचं, आणि तिथे रॉकेट संपलं तरी जेट इंजिनं चालू असल्यामुळे लढून परत यायचं. कोमेटचं रॉकेट साडेसात मिनिटांत संपलं की ते बिनइंजिनाचं ग्लायडर होऊन शत्रूच्या तोंडी जाई. इथे तसं होणार नव्हतं. कागदावर हा विचार मला आजही हुशार वाटतो.

पेटवा.

पाठ खुर्चीत रुतते. हा धक्का पडदा देऊ शकत नाही, आणि कितीही चांगला हेडफोन तो देऊ शकणार नाही. नाक वर घ्या, लगेच घ्या. सपाट उडत राहिलात तर वेग इतका वाढेल की ध्वनीच्या वेगाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांपाशी नाक आपोआप खाली झुकायला लागेल आणि काठी दगडासारखी घट्ट होईल. म्हणून सगळा जोर उंचीत घालवायचा. एक हजार. दोन हजार. कान गच्च होतात. पोट फुगतं, कारण या कॉकपिटमध्ये बाहेरचाच हवेचा दाब आहे. मुखवट्यातून प्राणवायू कोरडा येतो. पाच हजार. सहा हजार. हात गारठून बोटं जड होतात, कारण बाहेर तापमान शून्याखाली तीसच्या पुढे गेलंय. तीन मिनिटांच्या आसपास उंचीमापक आठ हजार मीटर दाखवतो.

१९४५ च्या फेब्रुवारीत माणसाला घेऊन असं चढणारी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. लिंडनरने त्या दिवशी हे करून दाखवलं. महिन्याभराने, २६ मार्चला, याच विमानाचं दुसरं भावंड उडालं. त्याच्या प्रत्येक जेट इंजिनालाच बीएमडब्ल्यूचं एकेक छोटं रॉकेट जोडलेलं होतं. ते चालवणारा कार्ल बाऊर युद्ध संपल्यावर अमेरिकी वैमानिकांना हीच मेसरश्मिट जेटं उडवायला शिकवत होता.

खेळात इथून पुढे शिकार सुरू होते. नाकातल्या चार ३० मिलिमीटर तोफांचे गोळे सावकाश निघतात, सेकंदाला ५४० मीटर, म्हणून लांबून मारून उपयोग नाही. जवळ जायचं, चार-पाच गोळे बसले तर चार इंजिनांचा बॉम्बरही पडतो, आणि वळण्याच्या मोहात न पडता सरळ निघून जायचं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमत असेल. तिथे तुमच्यासमोर युद्ध संपल्यावर पहिल्यांदा उडालेलं अमेरिकी जेट एफ-८४ ही येतं, आणि हे विमान त्याच्याशी टक्कर देतं. उड्डाणाचं भौतिकशास्त्र त्या खेळाने मनापासून सांभाळलं आहे. इंजिनाची सुस्ती आणि रॉकेटची हाव या दोन्ही गोष्टी हाताला शिकवणारं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही.

पण आज कोणी शिकार नाही. रॉकेट विझलंय. जेट इंजिनांचा घरघराट तेवढा उरलाय. आता डावा पंख खाली करा आणि दक्षिणेकडे, नदीच्या कडेने खाली बघा.

लांड्सबेर्ग दिसेल. १९२४ साली हिटलर ज्याच्या तुरुंगात होता ते गाव. त्याच्या अलीकडे, लेशफेल्डपासून दहा-बारा किलोमीटरवर, काउफरिंग. तिथे काही दिसतंय का? बहुतेक नाही. तिथल्या छावण्यांमधल्या झोपड्या अर्ध्या जमिनीत खणलेल्या आहेत आणि छपरांवर माती टाकलेली आहे, त्यामुळे वरून शेतच वाटतं. दाखाउ छळछावणीच्या या अकरा उपछावण्या आहेत. सुमारे तीस हजार कैदी तिथे आणले गेले, बहुतेक ज्यू. आउश्विट्झहून, हंगेरीहून, लिथुआनियातल्या काउनासच्या घेट्टोमधून. कशासाठी? मेसरश्मिट २६२ बनवायला प्रचंड काँक्रीटचे भूमिगत कारखाने हवे होते म्हणून. सिमेंटची पोती पाठीवरून वाहता वाहता, उपासमारीने आणि टायफसने त्यांच्यातले हजारो मेले. त्या कारखान्यांपैकी एकाची अर्धवट काँक्रीटची कमान आजही उभी आहे. ऑस्ट्रियात गुसेनच्या कैद्यांनी डोंगराच्या पोटात खणलेल्या बोगद्यांमध्ये याच विमानाचे सांगाडे बनत होते. तिथेही माणसं हजारांनी गेली.

तुम्ही आठ हजार मीटरवर आहात त्या क्षणी खाली काउफरिंगच्या तिसऱ्या क्रमांकाच्या छावणीत व्हिएन्नाचा एक डॉक्टर कैदी आहे. नाव व्हिक्टर फ्रँकल. त्याने नंतर लिहिलेलं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' मराठी वाचकांनीही प्रेमाने वाचलं आहे. ते पुस्तक ज्या उपासमारीतून आलं, ती आणि हे विमान एकाच कामाचे दोन भाग होते. मला हे कळल्यापासून मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या कपाटात ठेवू शकलेलो नाही.

आता उतरायचं. चढण्यात टाक्यांमधलं बरंच संपलंय. वेगरोधक नाहीत, म्हणून खूप आधीपासून थ्रॉटल कमी करत आणावा लागतो, आणि एकदा कमी केला की पुन्हा पटकन वाढवता येत नाही. धावपट्टी चुकली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. मान वळवून मागे बघत राहा. मस्टँग याच वेळी येतात.

चाकं टेकली. आता हिशोब मांडू, कारण खेळात गुणफलक येतो तसा इथेही यायला हवा. मेसरश्मिट २६२ एकूण १,४०० च्या थोडी वर बनली, आणि त्यातली मोजकीच एका वेळी लढू शकत होती. हाइमाटशुट्झरच्या या दोन रूपांचं एकेकच विमान बनलं. या तीन मिनिटांनी जर्मनीतलं एकही शहर वाचलं नाही. यंत्र म्हणून ते अलौकिक होतं, हे मी ठामपणे म्हणतो. ज्या राज्यासाठी आणि ज्या माणसांच्या पाठीवर त्याचं कुळ उभं राहिलं, त्यामुळे त्याचा गौरव मला करता येत नाही, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. तुम्ही ते उडवत राहा. फक्त पुढच्या वेळी उडवण्याआधी फ्रँकलचं पुस्तक वाचून घ्या, आणि तुमच्या घरातलं कोणी हा खेळ खेळत असेल तर त्यालाही काउफरिंग नकाशावर दाखवा.

लिंडनरच्या उड्डाणानंतर बरोबर दोन महिन्यांनी, २७ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकी सैन्य काउफरिंगला पोचलं. त्याआधी एसएसच्या पहारेकऱ्यांनी चौथ्या छावणीतल्या झोपड्या पेटवून दिल्या होत्या, आणि ज्यांना चालता येत नव्हतं असे शेकडो कैदी आत जळून मेले होते.