नोझल ते प्लग : आपल्या पार्किंगची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीच्या पार्किंगचा इतिहास’ हा विषय दिला, तेव्हा आधी थट्टाच वाटली. बी विंगच्या वहिनींना गणेशोत्सव, सचिवांना नोंदणी आणि बांधकाम, आणि मला पार्किंग! नंतर लक्षात आलं की समितीने बरोबर माणूस धरलाय. गेल्या सहा वर्षांत आपल्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जेवढे वाद झाले, त्यातले निम्मे माझ्या विजेच्या गाडीवरून झाले. आता ती जुनी गाडी काढून नवी विजेची गाडी घ्यायची का, हा प्रश्न घरात आहे, आणि तो जिना उतरून खाली यायला वेळ लागणार नाही. म्हणून म्हटलं, आधी इतिहास लिहून टाकू.

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा पार्किंगला पार्किंग म्हणायचं कारण नव्हतं. चोवीस बिऱ्हाडं, त्यात सायकली एकोणीस, दुचाक्या नऊ, आणि एक जीप, तीही एकाच्या कंपनीची. उरलेल्या जागेत मुलं क्रिकेट खेळायची आणि उन्हाळ्यात वहिन्या कुरडया वाळत घालायच्या. आपण बहुतेक सगळे एमआयडीसीतले. सकाळची पाळी सुटली की त्र्यंबक रोडवर सायकलींचा लोंढा यायचा. पपया नर्सरीपासून सातपूर गावापर्यंत घंट्याच घंट्या. चेतक तिरकी करून किक मारणारे काका ज्यांना आठवतात, त्यांची मुलं आता त्याच नावाची विजेवरची स्कूटर चालवतात. ती २०२० च्या जानेवारीत आली.

त्याच २००० साली बोलेरो आली, आणि ती आपल्या सातपूरच्या महिंद्रात जुळायची. दोन वर्षांनी स्कॉर्पिओ. आपल्यातल्या किती जणांनी तिचे दरवाजे बसवलेत, रंगकामात रात्रपाळ्या केल्यात! ट्रेलरवर चढून निघालेल्या नव्या गाड्या बघत चहा प्यायचा, आणि घरी सायकलवर यायचं, अशी ती वर्षं होती. आपल्या इमारतीत पहिली स्वतःची चारचाकी २००४ साली आली. तिची पूजा सगळ्या सोसायटीने केली. नारळाचं पाणी टपावर सांडलं म्हणून मालक रात्री उशिरापर्यंत कपड्याने पुसत होते.

त्या काळी सातपूर डिझेलवर जगत होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. साठचं दशक संपताना मायको नाशिकला आली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण चौकाचं नाव मायको सर्कलच राहिलं. इथे व्हायची डिझेल इंजिनाची नोझल. बोटाएवढा तुकडा. आत सुई, आणि सुई व तिच्या घराच्या मध्ये फट दोन-तीन मायक्रॉनची. टोकाला केसाहून जरा जाड अशी भोकं, त्यातून डिझेल धुक्यासारखं उडतं. मी स्वतः एकतीस वर्षं सातपूरच्याच एका छोट्या युनिटमध्ये ग्राइंडिंगवर होतो. मोठ्या कारखान्यांचा जॉब आमच्याकडे यायचा. हाताला घाम आला तरी मापात फरक पडायचा, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सुया फडक्याने धरायचो. घरची म्हणायची, चपातीचं पीठ मळतानाही तुम्ही मायक्रॉन मोजता.

डिझेलला बरकत आली ती सरकारी भावामुळे. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारच्या हातात राहिले. मधल्या चार वर्षांत दोन्हीतला फरक इतका वाढला, की जो तो डिझेल गाडी मागायला लागला. त्या वर्षांत आमच्या युनिटला तिसरी पाळी लागली, आणि आपल्या पार्किंगमध्ये एका वेळी सात डिझेल गाड्या उभ्या होत्या. एवढा ओव्हरटाइम मी आयुष्यात कधी केला नाही. मग फरक मिटला. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा लागू झालं, धूर साफ करायची यंत्रणा महाग झाली, आणि छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्याच. विजेच्या गाडीने डिझेलचं पोट मारलं असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. विजेची गाडी दारात यायच्या आधीच डिझेल कार आजारी पडली होती.

विजेची गाडी मुळात नवी नाहीच. १८९९ मध्ये कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तो विजेच्या गाडीत. अमेरिकेत तेव्हा वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, आणि हँडल गेलं. गंमत बघा, छोट्या बॅटरीने पेट्रोल गाडीला आधार दिला, आणि मोठी बॅटरी घेऊन फिरणारी गाडी मागे पडली.

आपल्याकडे बंगळूरला चेतन मैनींनी २००१ मध्ये रेवा आणली. दोन दारांची, सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ८० किलोमीटरच्या आसपास. लंडनमध्ये ती जी-विझ नावाने फिरली. इथे लोक तिला खेळणं म्हणाले. मीही म्हणालो. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ आली, २०१६ मध्ये विजेवरची व्हेरिटो. शिशाच्या जागी लिथियम-आयन आली, हा खरा बदल. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्या मागच्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी दिवाळीत मी माझी गाडी घेतली.

कोणती, ते लिहीत नाही. सेकंड हँड, २०१७ चं मॉडेल. निवृत्तीचे पैसे आले होते आणि गुडघे सायकलला नको म्हणत होते. एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर ९५ किलोमीटर जायची. माझ्या मीटरवरून पार्किंगमध्ये केबल ओढायची परवानगी मागितली, आणि सभा पेटली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “आमच्या बेडरूमखाली बॅटरी फुटली तर?” कोणी म्हणालं, वीज विकायचं लायसन लागतं. मी कागद घेऊनच गेलो होतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केलं होतं की चार्जिंग ही सेवा आहे, त्याला वीज कायद्याचं लायसन लागत नाही. आणि डिसेंबरच्या मार्गदर्शक सूचनांत घरी चार्जिंग करायला मोकळीक होती. एक भाऊ म्हणाले, “पण एकलहऱ्याला कोळसा जळतोच ना? धूर इथे नाही काढला, तिथे काढला.” ह्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता एवढंच सांगेन की एकलहऱ्याचा कोळसा आपल्या फ्रिजसाठीही जळतो, आणि गाडीतली वीज चाकापर्यंत पोचताना डिझेलइतकी वाया जात नाही. तरी त्यांचा मुद्दा पूर्ण खोडून निघत नाही. तेरा विरुद्ध आठ मतांनी परवानगी मिळाली. काका सहा महिने बोलले नाहीत. पुढे लॉकडाउनमध्ये त्यांना रात्री दवाखान्यात न्यायला हीच गाडी होती. त्यावर आम्ही दोघांनी कधी काही बोललो नाही, पण केबल लोंबकळायला लागली की आता तेच वर बांधून ठेवतात.

मग २०२२ चा सप्टेंबर आला. महिंद्राने एक्सयूव्ही ४०० दाखवली, आणि ती जुळणार होती आपल्याच सातपूरच्या कारखान्यात. बोलेरो जिथून निघाली, त्या गेटमधून इंजिन नसलेली गाडी निघाली! सुई नाही, नोझल नाही, सायलेन्सर नाही. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी दोन तट पडले. ज्यांची मुलं तिथे कामाला, ते खूश. माझा भाचा गप्प. त्याचं अंबडला चार ग्राइंडिंग मशिनचं युनिट आहे, सगळं काम डिझेलच्या सुट्या भागांचं. तो नंतर मला एकट्याला म्हणाला, “मामा, तुम्ही आयुष्यभर ज्या सुईवर जेवलात, तीच नको असलेली गाडी तुम्ही घेतलीत. आता दुसरी पण घेणार?” राग आला. पण मी काही बोललो नाही, कारण हे मी स्वतःला आधीच विचारून झालं होतं.

माझ्या गाडीची बॅटरी आता थकलीय. ९५ ची ६२ झाली. त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन होतं, पण वणीच्या गडावर जायचं तर परतीचा भरवसा नाही. मुलगी कल्याणला, म्हणजे कसारा घाट. नवी बॅटरी टाकायचा खर्च विचारला तर नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याजवळ गेला. गाडी विकायला काढली तर जे भाव आले, ते सांगायला लाज वाटते. नव्या गाड्यांचं ऐकलं की मोह होतो. एक्सयूव्ही ४०० मध्ये ३९.४ युनिटची बॅटरी, कागदावर ४५६ किलोमीटर. चाकणला बनणाऱ्या बीई ६ ची मोठी बॅटरी ७९ युनिटची. आकड्यांखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ‘एमआयडीसी रेंज’. मला वाटलं, आपल्या एमआयडीसीत चालवून बघितली की काय! ते असतं ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर चालवून काढलेलं माप. त्यात घाट नाही, एसीची मे महिन्यातली ओढ नाही, कार्बन नाक्यावरचा जाम नाही. खऱ्या रस्त्यावर त्यातले पाव ते तिसरा हिस्सा वजा धरावा. घाट उतरताना मात्र मोटर उलटी चालून थोडी वीज परत देते. कसाऱ्याला उतरताना काटा वर सरकलेला मी मित्राच्या गाडीत पाहिलाय.

मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, मोठी बॅटरीच घ्या, घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवा. समृद्धीवर विजेच्या कारला टोलमाफीचं धोरण २०२५ मध्ये सरकारने आणलंय, इगतपुरीहून पुढचा रस्ताही त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झालाय, आता कशाला थांबता? सगळं बरोबर. पण मी वायरमनला बोलावलं, आणि त्याने इमारतीची मुख्य केबल उघडून दाखवली. २००० सालची. चोवीस घरं, लिफ्ट, पंप धरून तिच्यात मोठे चार्जर दोनच बसतात, तिसऱ्याला जागा नाही. म्हणजे मी आधी बसवला की एकाच शेजाऱ्याला मिळणार, बाकीच्यांनी बघत राहायचं. ए विंगमध्ये दोन तरुण जोडपी बुकिंगच्या बेतात आहेत. एकाची बायको रात्री दहाला हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून येते. तिला सकाळी सहाला परत जायचं असतं.

त्या रात्री वही घेऊन बसलो. वर्षभराच्या नोंदी माझ्याकडे आहेत, सवय आहे. माझं रोजचं जाणं-येणं सरासरी ३१ किलोमीटर. त्याला पाच-सहा युनिट पुरतात. साध्या ३.३ किलोवॉटच्या प्लगवर दोन तास. मोठा चार्जर मला वर्षातून सहा-सात वेळा लागेल, कल्याणला जायच्या आधी, आणि तेव्हा आदल्या संध्याकाळी लावली तरी सकाळपर्यंत भागतं.

तेव्हा ठरलं ते असं. नवी गाडी घ्यायची, पण छोट्या बॅटरीची, आणि प्लग जुनाच ठेवायचा. मुख्य केबल बदलून आठ चार्जिंग पॉइंटसाठी महावितरणकडे सोसायटीने एकच अर्ज करावा, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. खर्चाची वाटणी कशी, ह्यावर भांडण होणार. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्या काकूंनी पैसे का भरावेत, हा प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या मते त्यांनी भरू नयेत. ती मंजुरी येईपर्यंत मी बुकिंग करणार नाही.

जुनी गाडी भाच्याला देतोय. त्याला सातपूर-अंबड फेऱ्या असतात, रोज वीस-पंचवीस किलोमीटर, सुयांचे ट्रे पोचवायला. पहिल्यांदा नाही म्हणाला. मग डिझेलच्या टेम्पोचा महिन्याचा खर्च त्याने स्वतःच कागदावर मांडला. एका मोटर बनवणाऱ्याने त्याच्याकडे शाफ्टचं सॅम्पल मागितलंय, तेही ग्राइंडिंगचंच काम. ऑर्डर अजून नाही. परवा रविवारी तो गाडी बघायला आला होता. मागची सीट पाडून ट्रे किती मावतात ते मोजलं, प्लग कुठे आहे ते विचारलं, आणि जाता जाता म्हणाला, “मामा, ह्याची केबल पण देणार ना?”