परसातली सावली

धसईच्या आमच्या घरामागे, उत्तरेच्या अंगाला, वडिलांनी लावलेला फणस आहे. त्याच्या बुडाशी मोरीचे पाणी जाते आणि ऊन म्हणून ते कधी पडत नाही. त्या कोपऱ्यात मी दोनदा मोगरा लावला, एकदा गुलाब. मोगऱ्याला पाने उदंड आली, कळी एक नाही. गुलाब पहिल्याच पावसात कुजला. कल्याणचा पुतण्या म्हणाला, "काका, फणस तोडा, मग हवं ते येईल." त्यावर आमच्या घरातून उत्तर आले, "मामंजींचं झाड आहे. त्याला कुऱ्हाड लागायची नाही." झाड राहिले आणि प्रश्नही राहिला. सावलीत लावावे तरी काय?

पुढच्या खेपेस पुतण्याने तीन कुंड्या आणल्या. मनीप्लांट, रंगीत पानांचा कोलियस आणि उभ्या चट्टेरी पानांचे स्नेक प्लांट. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पाहुणा आला की त्याचे गाव विचारायची खोड काही जात नाही. मनीप्लांट निघाला प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटाचा, कोलियस जावा-मलायाकडचा आणि तिसरे पश्चिम आफ्रिकेचे!

ही मंडळी इतक्या दुरून आली कशी? पूर्वी जहाजावरची रोपे खाऱ्या तुषारांनी आणि गोड्या पाण्यावाचून बहुधा वाटेतच मरत. १८२९ साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्डने पतंगाचा एक कोष बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचे राहिले बाजूला. तळाच्या ओल्या मातीत नेचा उगवलेला त्याला दिसला. मातीतले पाणी वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. १८३३ साली त्याने काचेच्या अशा बंद पेट्यांतून रोपे सिडनीला धाडली. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतरही ती जिवंत पोहोचली. पुढे अशाच पेट्यांतून देशोदेशीची रोपे समुद्रापार गेली, आणि रानातल्या अंधाराला सरावलेली झाडे शहरातल्या अंधाऱ्या दिवाणखान्यांत सुखाने नांदू लागली.

आपल्या मुलखातही असले उद्योग चालू होते. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पतिबाग निघाली. १८३८ पासून तिची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सनकडे आली. आमच्या नाणेघाटाच्या माथ्यापलीकडे, जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातले जंगल तुटले की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे बजावणाऱ्यांपैकी तो एक होता. हे वाचताना आमच्या फणसाची आठवण झाली आणि पुतण्याचा सल्ला कायमचा बाद झाला.

मग मी बागांच्या पुस्तकांऐवजी रानाकडे पाहू लागलो. आमच्या पाठीशी गोरखगड आणि आहुपे घाटाचे रान आहे. तिथे झाडांच्या सावलीत पेव आहे, रानहळद आहे, सुरणाच्या जातीचे शेवळे आहे. यांची युक्ती साधी असते. पावसाळ्यात रुंद पाने पसरून मिळेल तेवढा उजेड टिपायचा, त्याचे अन्न कंदात साठवायचे, आणि पाने झडली की पुढचा पाऊस येईपर्यंत जमिनीत निजून राहायचे. शेवळ्याचे तर आधी फूल येते, पान मागाहून. आगोटीला त्याचे कोंब बाजारात येतात. घशाला खाज सुटू नये म्हणून भाजीत काकडाची फळे घालतात, हे ठाणे जिल्ह्यातल्या गृहिणींना सांगायला नको.

तेव्हा ठरले, शेवळेच लावायचे. जूनच्या आरंभी मी कुदळ घेऊन रानात गेलो आणि मोठ्या उत्साहाने खणू लागलो. शेवळे खुडायला आलेली एक ठाकर म्हातारी जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, दांडा खुडा, पन कांद राहू द्या. कांद नेलात तं पुढच्या आगोटीला आमी इकायचं काय?"

मी मुकाट्याने माती परत लोटली. परदेशी झाडांची कुळकथा सांगणारा मी. दारातल्या रानाचा हिशेब मात्र मला त्या बाईने शिकवला. ज्या मुलखातून शेकडो वर्षे कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नर-पैठणकडे गेला, तिथे कोणती चीज उचलावी आणि कोणती जागच्या जागी ठेवावी, हे तिला चांगले ठाऊक होते.

घरी येऊन ही हकीकत सांगितली. ही हसली. म्हणाली, "अहो, सासूबाई त्या कोपऱ्यात अळू लावायच्या. मोरीचं पाणी, फणसाची सावली, आणखी काय हवं? तुम्ही मोगऱ्यासाठी उपटलंत." मला ते आठवतही नव्हते!

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी अळूचे कांदे दिले, पलीकडच्या घरातून हळदीची बेणी आली, आणि त्यांच्या परसात वाढलेल्या सुरणाचा एक तुकडा. १ डिसेंबर २०१६ रोजी आमचे धसई महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि वर्तमानपत्रांत नाव आले. पण परसातल्या कांद्या-बेण्यांचा व्यवहार इथे त्याआधीही कधी पैशांनी झाला नव्हता.

पुतण्याच्या कुंड्या ओटीवर आहेत. पाहुण्यांचा मान पाहुण्यांना. कोपऱ्यात आता अळू दाटले आहे. गौरीत हळदीच्या पानांवर पातोळ्या झाल्या. दिवाळीत सुरणाचे पान पिवळे पडून कलले, तसा पुतण्या म्हणाला, "काका, हे मेलं वाटतं."

"निजलंय," मी म्हटले, आणि फणसाच्या बुंध्याशी एक पणती ठेवली.